बाराव्या पुठ्ठ्यापासून पुढे

श्रीरामपुरात तेव्हा सिनेमाची जाहिरात टांग्यातून व्हायची. टांग्याच्या दोन्ही अंगांना रंगवलेले बोर्ड, टपावर कर्णा आणि मागच्या बाजूला माइक धरून बसलेला मच्छिंद्र. ते बोर्ड रंगवायचो मी. आठवडाभर हायस्कुलात चित्रकला शिकवायची आणि रविवारी टॉकीजच्या मागच्या पडवीत बसून नट्यांचे गाल गुलाबी करायचे, असा माझा दुहेरी संसार होता. आमचे हेडमास्तर त्यावर नाक मुरडायचे. मुरडोत बापडे. त्यांचं ते नाक पुढं मीच काढलं, चांगलं वीतभर पुठ्ठ्यावर, आणि तिथंच सगळी माती झाली.

मच्छिंद्र पाथर्डीकडचा, शेतकऱ्याघरचा. सातवी नापास होऊन शाळा सुटली, मग हमाली करत करत टॉकीजवर आला. आवाज असा की बाजारपेठेच्या या टोकाला बोलला की त्या टोकाचा चहावाला कपबशी विसळायचा थांबे. पण नुसत्या आवाजाचं काय कौतुक? आवाज कोंबड्यालाही असतो. मच्छिंद्रची गंमत वेगळी होती. त्याच्या आधीचा माणूस हँडबिलावरचं वाचून दाखवायचा: नट अमुक, नटी तमुक, खेळ रोज तीन. मच्छिंद्र यातलं काही आधी सांगतच नसे. तो एक वाक्य टाकायचा. "नवरा बारा वर्सांनी दारात आला, तवा आतनं कडी कुनी लावली?" एवढं म्हणून गप्प. टांगा आपला टपटप पुढं. मग एखादी भाजीवाली पाटी सोडून उठायची, "आरं मुडद्या, कुनी लावली सांग की!" हा हसून म्हणायचा, "मावशे, सांजच्याला सहाला ये, पडद्यावर दिसंल."

मी एकदा विचारलं, तुला हे सुचतं कसं? तर म्हणाला, "मास्तर, टांगा काय थांबत न्हाई. मानूस थांबला पायजे. पयल्या वाक्याला त्यो थांबला न्हाई, तर मी पुढच्या गल्लीत आन् त्यो त्याच्या घरी." मी हसलो. टांगेवाल्याचं तत्त्वज्ञान म्हणून दोन-चार ठिकाणी सांगितलंही. शहाणा ना मी!

बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडं कॅनॉलच्या कृपेनं ऊस तरी उभा होता. मच्छिंद्रच्या गावाकडं विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. त्याची आई राहीबाई गावातच राहायची. पोरगा इकडं ये म्हणून किती वेळा विनवून गेला, पण बाई हट्टी. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. पुढच्या पावसाळ्यात काम बंद झालं तेव्हा कुठं ती श्रीरामपूरला लेकाकडं आली, आणि त्यानंतर आठ दिवसांनी मच्छिंद्र पडवीत माझ्यासमोर येऊन बसला.

"मास्तर, माजा बाप जित्ता हाय."

मी कुंचला खाली ठेवला. त्याचा बाप सहादेव एका फिरत्या तंबूच्या सिनेमामागं घर सोडून गेला होता, तेव्हा मच्छिंद्र चार वर्षांचा होता. पुन्हा तोंड दाखवलं नाही, कागद नाही, निरोप नाही. एवढं मला ठाऊक होतं.

मग त्यानं सांगितलं. खडीच्या एकेका ढिगावर दोघं बसवायचे, एक या बाजूला, एक त्या बाजूला. पौषात मुकादमानं राहीबाईसमोर एक पांढऱ्या दाढीचा माणूस आणून बसवला. हजेरीत नाव लावलं होतं गोरक्ष. त्यानं हातोडी डाव्या हातात घेतली, आणि राहीबाईनं ओळखलं. चोवीस वर्षांनीसुद्धा ओळखलं.

"मग बोलली नाही ती?"

"न्हाई ना! तिला वाटलं, वळखलं म्हनलं तर लाजंनं परत पळून जाईल. आन् त्याला वाटलं असंल, हिनं वळखलंच न्हाई, बरं झालं, बसाया तर मिळतंय. पाच म्हयने, मास्तर! एका ढिगाच्या दोन अंगाला नवरा-बायकू, आन् एक शबुद न्हाई. आई आपली भाकर मोडून अर्दी दगडावर ठिवायची, वर ठेचा, आन् पानी प्यायच्या निमतानं तोंड फिरवायची. परत बगितलं की दगुड रिकामा."

मी म्हटलं, अरे पण तू तर आईला भेटायला गेला होतास ना मधे?

"गेल्तो की." तो विचित्र हसला. "जेवनाच्या सुट्टीत त्या म्हाताऱ्याकडंच काडी मागितली, बिडी पेटवली, आन् त्याला अख्खा सिनेमा सांगितला. त्यो डोळं मिटून ऐकत हुता. म्हनला, लई झाक सांगतोस पोरा."

काम बंद झालं त्या दिवशी गोरक्ष पहाटेच निघून गेला. राहीबाई भाकरी घेऊन आली, तर समोर कोणी नाही. तेव्हा कुठं तिनं लेकाला सांगितलं की तो तुझा बाप होता.

"मास्तर, शोधून त्यो घावनार न्हाई. पन सिनेमापायी ज्यानं घर सोडलं, त्यो कुटंबी असू दे, सिनेमा बगितल्याबिगर ऱ्हानार न्हाई. मी टांग्यावर वरडून किती गावात पोचनार? सिनेमा समद्या गावात जातो. ह्यीच गोष्ट पडद्यावर आली ना, तर त्याला कळंल की तिनं वळखलं हुतं. शेवटाला ती त्याला म्हनंल, 'घरी चला.' बास. येवढं त्याच्या कानावर गेलं पायजे."

मी तिथल्या तिथं शब्द दिला, की चित्रं मी काढतो, फुकट काढतो, आणि ही गोष्ट कोणत्या तरी निर्मात्यापर्यंत नेऊन घालतो.

योग लवकर आला. कोल्हापूरचे निर्माते सुमंत यांचा सिनेमा आमच्या टॉकीजला पाचव्या आठवड्यात होता. टॉकीजचे मालक बन्सीशेठ यांच्याकडं ते डिसेंबरात चहाला येणार आणि संध्याकाळच्या गाडीनं मनमाडकडं जाणार, असं ठरलं. शेठ म्हणाले, "तोंडी नका सांगू मास्तर. साहेब माणूस ऐकत नाही, बघतो. चित्रांचं काहीतरी करा. मी देतो गाठ घालून." म्हणून आम्ही पुठ्ठ्यांचा अल्बम करायला घेतला. एकेका पुठ्ठ्यावर एकेक प्रसंग, खाली दोन ओळी.

दोन महिने राबलो. राहीबाई समोर बसायची, हातात हातोडी धरून, न कंटाळता. पहिल्याच चित्रात मी खडीचा ढीग काढला, दोन्ही बाजूंना खाली माना घातलेली दोघं, आणि मधे दगडावर अर्धी भाकरी. तिनं ते चित्र बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्येंचा डावा खांदा वाईच खाली असतो, मास्तर." मी खांदा खाली केला. अशी वीस चित्रं झाली. मच्छिंद्र म्हणाला, "पयलं ह्येच ठिवायचं. मी येकच वाक्य बोलनार: नवरा-बायकू एका ढिगावर खडी फोडत्यात, दोगंबी एकमेकाला वळखत्यात, आन् दोगंबी न वळखल्याचं सोंग करत्यात. मग सायेबानं पुढचा पुठ्ठा सवताच्या हातानं उलटला पायजे."

आणि इथं मी माझी अक्कल पाजळली.

आमच्या भागात कुठलंही कार्य असो, आधी मानपान. लग्नाची पत्रिका घ्या, जयंतीचं हँडबिल घ्या, शाळेची स्मरणिका घ्या. देवापासून सुरुवात, मग आशीर्वाद, प्रमुख उपस्थिती, स्वागतोत्सुक. नवरा-नवरीचं नाव शोधायला चष्मा लागतो. एखादं नाव राहिलं तर तो माणूस तीन वर्षं रामराम घेत नाही. मी म्हटलं, मोठ्या माणसापुढं जायचं तर रिकाम्या हातानं, अनोळखी म्हणून कसं जायचं? आपल्यामागं कोण कोण आहे ते दिसायला नको? म्हणून आधी गणपती घातला. गाठ घालून देणार म्हणून बन्सीशेठ. शेठचं चित्र आलं, मग त्यांच्या कैलासवासी वडिलांचं कसं टाळणार? कारखान्याचे चेअरमन, नगराध्यक्ष, मार्केट कमिटीचे सभापती. मच्छिंद्रच्या गावचे सरपंच, कारण तेही कधीतरी विचारतील. मला त्या दिवशी अर्धी रजा हवी होती, म्हणून आमचे हेडमास्तर, नाकासकट. असं करता करता अकरा झाले. ढीग आणि भाकरी गेली बाराव्या पुठ्ठ्यावर.

अकराही चेहरे हुबेहूब उतरले होते, हे मात्र सांगतो. चेअरमनच्या टोपीची घडीसुद्धा.

मच्छिंद्रनं सगळे पुठ्ठे चाळले आणि तो खालीच बसला. "मास्तर, ही तर लग्नाची पत्रिका झाली. नवरी कुटंय?"

"येते की पुढं."

"पुढं म्हंजी कवा? टांगा निघून गेल्यावर?"

मला राग आला. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, घरची मंडळी सांगतील. मी म्हटलं, "हे बघ मच्छिंद्रा, तू टांग्यावर ओरडतोस, तिथं ते ठीक आहे. चार मोठ्या माणसांत रीतभात असते. सातवी नापास माणसानं मला शिकवू नये." बोललो आणि मलाच कसंतरी वाटलं. पण शब्द मागं घ्यायचा म्हणजे मास्तरकीला बट्टा! नाही घेतला. त्यानं पुठ्ठे सरळ करून माझ्यापुढं ठेवले. मग म्हणाला, "बरं. तुमाला जास्ती कळतंय."

सुमंत आले ते तासभर उशिरा. नगरजवळ मोटार पंक्चर झाली होती. शेठच्या दिवाणखान्यात बसले, गोरे, बारीक, हातात रुमाल, आणि आल्या आल्या म्हणाले, "गाडी चुकायला नको हं." शेठनं ओळख करून दिली. मी अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला. मच्छिंद्र इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी सतरंजीवर बसला होता. गुडघे पोटाशी घेऊन, परीक्षेला बसल्यासारखा.

गणपती निघाला. साहेबांनी हात जोडले. पुढचा पुठ्ठा. "वा! हे तर तुम्ही शेठ." शेठ खूश. पुढचा पुठ्ठा. शेठनं वडिलांची कथा काढली: नगरहून बैलगाडीनं आले, पहिलं दुकान कुठं टाकलं, प्लेगच्या साथीत काय केलं. साहेब मान डोलावत होते आणि मधूनच मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होते. चिवडा आला, चहा आला. चेअरमन आले, तर शेठनं चेअरमनची आणि आपली दोस्ती सांगितली. सहाव्या-सातव्या पुठ्ठ्याशी मच्छिंद्रला राहवेना. तो गुडघ्यावर उठला, आणि टांग्यावर बोलायच्या आधी जसा घसा साफ करायचा तसा त्यानं केला. "सायेब, येक गोष्ट..."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. "क्रमानं जाऊ दे," मी हळूच म्हटलं. तो खाली बसला.

नवव्या पुठ्ठ्यावर हेडमास्तर होते. तेवढ्यात ड्रायव्हर दारात आला, "साहेब, सिग्नल पडला म्हणतात." सुमंत ताडकन उठले. अल्बम मिटून त्यांनी माझ्या हातात दिला. "मास्तर, चेहरा तुमच्या हातात आहे हो! कोल्हापूरला आलात तर भेटा, पोस्टरचं काम देईन." मग मच्छिंद्रकडं वळून, "आणि तुमची गोष्ट... ती पुन्हा केव्हातरी निवांत ऐकू." पाच मिनिटांत मोटार गेली. ते पुन्हा श्रीरामपूरला आले नाहीत. मी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. आणि अशी गोष्ट पत्रात काय सांगणार, कपाळ!

मच्छिंद्र मला एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच्या घरी गेलो तर राहीबाई दारातच उभी. "मास्तर, दावलं का सायबाला? आवडलं का?" मच्छिंद्रनं तोंड उघडलं होतं, पण त्याच्या आधी मीच बोललो. "दाखवलं राहीबाई. फार आवडलं. पण सिनेमा म्हणजे वेळ लागतो." तिच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून मला बरं वाटलं. काय पण बरं वाटणं! झक मारली आणि खोटं बोललो. त्यानंतर नवा सिनेमा लागला की बाई विचारायची, "मास्तर, ह्यो आपला का?" मी म्हणायचो, "नाही हो, हा दुसरा. आपल्याला अवकाश आहे."

अशी दीड-पावणेदोन वर्षं गेली. मच्छिंद्र टांग्यावर बसत होता, पण आता हँडबिल वाचायचा. नट अमुक, नटी तमुक, खेळ रोज तीन. शेठनं कुरकुर केली, तर म्हणाला, "घसा बसलाय."

पंच्याहत्तरच्या भाद्रपदात जालन्याकडचा एक तंबूवाला जुने बोर्ड मागायला टॉकीजवर आला. पडवीत माझ्यासमोर बसून चहा पीत होता. मच्छिंद्रही होता. बोलता बोलता तंबूवाला म्हणाला, की दारावर तिकिटं फाडणारा माझा म्हातारा श्रावणात वारला, आता विश्वासाचा माणूस मिळत नाही. डाव्या हातानं फाडायचा, पण एक माणूस फुकट आत सोडायचा नाही. आणि सिनेमाचा काय नाद! एकच सिनेमा पंधरा दिवस लागला तरी रोज शेवटपर्यंत बघणार.

"नाव काय हुतं त्याचं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"गोरक्ष म्हणायचे. एक पोरगा आहे म्हणायचा श्रीरामपूरला, लई झाक सिनेमा सांगतो. आम्ही म्हणायचो, मग जा की त्याच्याकडं. तर म्हणायचा, कोणत्या तोंडानं जाऊ?"

मच्छिंद्र उठून उभा राहिला आणि परत बसला. त्यानं तंबूवाल्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर तो जालन्याकडं गेला, बापाला अग्नी दिलेली जागा बघून चौथ्या दिवशी परत आला. एसटीतून उतरला तो सरळ माझ्याकडं. "आईला सांगायचंय. तुमी चला संगं."

वाटेत तो म्हणाला, "मास्तर, चूक माजीच हाय. त्या दिशी तुमचा हात बाजूला सारून मी बोलाया पायजे हुतं. येकच तर वाक्य हुतं. न्हाई जमलं."

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. रीतभात, मानपान, हे सगळं मी लोकांना सांगितलं, इथंही वर सांगितलं, आणि त्यात खोटं काही नाही. पण ते पुरतं खरंही नाही. मच्छिंद्र घसा साफ करून गुडघ्यावर उठला, तेव्हा मला पक्कं कळलं होतं की हा एकदा बोलायला लागला की साहेब याच्या तोंडाकडं बघणार. मग माझ्या चित्रांकडं कोण बघतं? चार-पाच चेहरे राहिले होते, आणि ते मला दाखवायचे होते. साहेब "वा" म्हणत होते ना! त्या "वा"साठी मी त्याचा गुडघा दाबला. पोस्टरचं काम देईन म्हणाले तेव्हा माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, आणि मच्छिंद्र शेजारी उभा होता. हे त्याला सांगायला मला त्या वाटेवर चांगली दहा मिनिटं मिळाली. मी म्हणालो, "जाऊ दे मच्छिंद्रा, नशीब एकेकाचं." नशीब! मच्छिंद्र आता नाही, मी म्हातारा झालोय, आणि ती दहा मिनिटं मला कोणी परत देणार नाही.

राहीबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मच्छिंद्रनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तंबू, तिकिटं, श्रावण, सगळं. तिनं शेंगांचं सूप हळूच बाजूला ठेवलं, आणि बराच वेळ हातांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं मान वर केली.

"मास्तर, तुमी सायबाला दावला हुता ना आपला सिनेमा? एवढे दिस झाले, तिकडं लागला असंल की. आन् त्ये तंबूवालं म्हंत्यात त्येंनी समदे सिनेमे बगितले." तिनं पदर डोक्यावर सारखा केला. "मग आपलाबी बगितला असंल ना वो त्येंनी? मी वळखलं हुतं, ह्ये कळलं असंल ना?"

"हो राहीबाई," मी म्हणालो. "बघितला असेल."

मच्छिंद्रनं माझ्याकडं पाहिलं. मग तो उठला आणि आईसाठी पाणी आणायला आत गेला.